मधपेटीत राणीमाशी आहे की नाही? मोबाईलच्या फोटोवरून असं ओळखा

दोन महिन्यांपूर्वी मी सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या. पहिल्याच तपासणीत एक मोठी चूक केली. दुसऱ्या पेटीत राणीमाशी शोधत अर्धा तास पेटी उघडी ठेवली. सातेरी माश्यांना असा त्रास झाला तर त्या पेटी सोडून निघूनही जातात. मग आता मी काय करतो, तेच आज पाहूया.

राणी नको, अंडी शोधा

अंडं 3 दिवस राहतं, मग साधारण 5 दिवस अळी असते आणि नंतर माश्या तो कप्पा मेणाने बंद करतात. म्हणजे ताजी अंडी दिसली, की गेल्या 3 दिवसांत राणी तिथे होती हे नक्की. पण अंडं तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक असतं, जाळीच्या टोपीतून दिसत नाही. फोटो झूम केला की दिसतं.

फोटो कसा काढायचा?

1. ऊन आपल्या पाठीमागून थेट कप्प्यांच्या तळापर्यंत जाईल अशी चौकट धरा. फ्लॅश बंद ठेवा.
2. हातमोज्यांमुळे स्क्रीन चालत नाही, म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो काढा.
3. फोन चौकटीला अगदी चिकटवू नका. थोडं लांबून 2x झूम वापरा.
4. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पेटी लगेच बंद करा. बाकीचं काम घरी.
5. प्रत्येक पेटीचा वेगळा अल्बम करा. तारीख फोन आपोआप ठेवतो.

फोटोने काय सांगितलं?

10 दिवसांनी पहिल्या पेटीत अंडी, अळ्या, बंद कप्पे, सगळं होतं. दुसरीत मात्र फक्त बंद कप्पे! अंडीही नाहीत, अळ्याही नाहीत. म्हणजे किमान 8 दिवस राणीने अंडी घातली नव्हती. जुने फोटो पाहिले, तर पहिल्या तपासणीच्या दिवशी तिथे अंडी होती. राणी बहुतेक माझ्याच त्या अर्ध्या तासात गेली. वाईट वाटलं.

नवी राणी घडवण्याचा मोठा, खाली लोंबणारा कप्पाही कुठे दिसेना. मग पहिल्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्यांची एक चौकट, तिच्यावर राणी नाही याची खात्री करून, दुसरीत ठेवली. कामकरी माश्या कोवळ्या अळीला खास खाद्य देऊन नवी राणी तयार करू शकतात.

कॅलेंडरमध्ये 4 आठवड्यांचं रिमाइंडर लावलं. त्या दिवशीचा फोटो झूम केला आणि प्रत्येक कप्प्याच्या तळाशी एकेकच अंडं! हे महत्त्वाचं आहे. एका कप्प्यात अनेक अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर ती बहुधा कामकरी माश्यांनी घातलेली असतात आणि त्यातून फक्त नर निघतात.

नवी राणी मी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. आणि आता शोधणारही नाही!