आमचा संगणक दारातूनच परत पाठवायचा



आमच्या शाळेत एकच संगणक आहे. तो कपाटाशेजारच्या टेबलावर असतो. त्याच्यावर लिनक्स आहे. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी व्यवस्था. तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहिला. ते तेव्हा फिनलंड देशात हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत होते. लिनक्स फुकट मिळते. आमच्याकडे तिचा मिंट नावाचा प्रकार आहे, पण जुना आहे.

श्रावणात हा संगणक रुसला. पासवर्ड बरोबर टाकला तरी पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि परत पासवर्ड विचारायचा. पुन्हा टाकला की पुन्हा तेच. जात्यासारखं गोल गोल चाललं होतं.

तालुक्याहून दुरुस्तीवाले काका आले. ते म्हणाले, सगळं पुसून नवीन भरावं लागेल. तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. कारण संगणकात आमच्या गावच्या ओव्या होत्या. एक आजी शाळेत येऊन ओव्या सांगत होत्या आणि बाई तिथंच टाइप करत होत्या. वहीत लिहिल्याच नव्हत्या. त्या आजी उन्हाळ्यात वारल्या. ओव्या पुसल्या तर परत कोण सांगणार?

गुरुजी म्हणाले, "आठ दिवस थांबू." माझी आत्या पुण्यात संगणकाचं काम करते. ती राखीपौर्णिमेला आली होती. गुरुजींनी तिला शाळेत बोलावलं. तिने जे समजावून सांगितलं ते मी लिहीत आहे.

पहिली गोष्ट. पासवर्ड चुकला तर संगणक तसं सांगतो. आमचा संगणक चूक म्हणतच नव्हता. म्हणजे पासवर्ड बरोबर होता. बिघाड दाराच्या आत होता.

पासवर्ड दिल्यावर संगणकाचं सत्र सुरू होतं. त्याला सेशन म्हणतात. शाळेचं सत्र जूनमध्ये सुरू होतं, संगणकाचं सत्र रोज पासवर्ड दिल्यावर सुरू होतं. सत्र सुरू होताना संगणक आपल्या घरात, म्हणजे होम फोल्डरमध्ये, एक परवाना लिहून ठेवतो. ती फाइल लपलेली असते. तिच्या नावाच्या आधी टिंब असतं. टिंब असलं की ती एरवी दिसत नाही. तिचं नाव एक्स-ऑथॉरिटी. तशीच दुसरी फाइल आइस-ऑथॉरिटी. हा परवाना लिहिता आला नाही तर सत्र लगेच संपतं आणि आपण परत दारात येतो.

मग परवाना का लिहिता येत नाही? आत्याने फळ्यावर तीन कारणं लिहिली. १) जागा भरली. २) फाइलचा मालक बदलला. ३) सगळ्यांच्या वापराच्या फोल्डरचे हक्क बिघडले.

चित्रांचा पडदा उघडत नव्हता, म्हणून आत्याने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबल्या. मग काळा पडदा आला. त्याच्यावर नुसती अक्षरं होती. तिथं नाव आणि पासवर्ड दिला तर आत जाता आलं! संगणक मेला नव्हता. ओव्यांची फाइलही जागेवर होती. बाईंनी डोळे पुसले.

आत्याने डी-एफ हा हुकूम दिला. जागा किती भरली ते त्याने कळतं. शंभर टक्के भरली असेल तर परवाना लिहायला जागाच नसते. आमच्याकडे जागा शिल्लक होती.

मग तिने एल-एस हा हुकूम दिला. त्याच्यापुढे उणे चिन्ह देऊन एल आणि ए ही अक्षरं लिहिली. त्याने लपलेल्या फायलीसुद्धा मालकाच्या नावासकट दिसतात. शेताच्या सातबाऱ्यावर जसं नाव असतं तसं प्रत्येक फाइलवर मालकाचं नाव असतं. बाकी सगळ्या फायलींवर "शाळा" हे आमच्या खात्याचं नाव होतं. पण परवान्याच्या दोन्ही फायलींवर "रूट" असं नाव होतं. रूट म्हणजे संगणकाचा सर्वांत मोठा कारभारी. घर आमचं, पण घरातली वस्तू त्याच्या नावावर झाली होती. म्हणून आम्हाला तिच्यात लिहिता येत नव्हतं.

मालकाच्या नावाआधी दहा खुणा असतात. पहिली खूण फाइल आहे की फोल्डर ते सांगते. पुढच्या तीन मालकाच्या, तीन गटाच्या आणि तीन इतरांच्या. आर म्हणजे वाचणे, डब्ल्यू म्हणजे लिहिणे, एक्स म्हणजे चालवणे. जिथं हक्क नाही तिथं आडवी रेघ असते. यांना गुणही आहेत. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. परवान्याच्या फाइलला ६०० असतात. म्हणजे मालकाला ४ अधिक २ बरोबर ६, आणि बाकीच्यांना शून्य. ही रीत युनिक्स या जुन्या व्यवस्थेपासून आली आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सचं काम सुरू केलं. तेव्हा एकाच यंत्रावर पुष्कळ माणसं काम करायची. म्हणून कोणाचं काय ते नीट ठरवावं लागलं.

आत्याने विचारलं, "इथं सुडो कोणी वापरलं?" सगळे गप्प बसले.

मित्रांनो, ते मी वापरलं होतं. एकदा चित्र काढताना माझ्या हातून चुकीच्या कळा दाबल्या गेल्या आणि काळा पडदा आला. मी घाबरले. मोठ्या शाळेतल्या एका दादाने मला सांगितलं होतं की काही अडलं तर पुढे सुडो लावायचं. म्हणून मी सुडो स्टार्टएक्स असं टाइप केलं. चित्रं दिसली. मला वाटलं, झालं काम. पण सुडो म्हणजे घडीभर रूट होऊन काम करणे. आमच्या जुन्या लिनक्समध्ये सुडो लावलं तरी घर आमचंच राहतं. म्हणून रूटने आमच्या घरात येऊन परवाना स्वतःच्या नावावर लिहिला. दुसऱ्या दिवशी आम्हालाच आत येता येईना. काकांनी पुसायचं म्हटलं तेव्हाही मी बोलले नाही. आता उभं राहून सांगितलं. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर आठ दिवस वाचले असते."

मग आत्याने सी-एच-ओ-डब्ल्यू-एन हा हुकूम दिला. त्याचा अर्थ मालक बदल. पुढे शाळा खात्याचं नाव आणि दोन्ही फायलींची नावं दिली. त्यालाही आधी सुडो लावलं. मी विचारलं, "आत्या, सुडोनेच बिघडलं, मग परत सुडो का?" ती म्हणाली, "बाळा, रूटच्या नावावर गेलेली वस्तू परत द्यायला रूटच लागतो." मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-७ दाबलं. पासवर्ड दिला. पडदा उघडला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसरं कारण तपासायची गरज पडली नाही, तरी सांगते. टी-एम-पी नावाचं एक फोल्डर गावच्या पारासारखं असतं. तिथं कोणीही वस्तू ठेवू शकतो, पण दुसऱ्याची वस्तू उचलू शकत नाही. त्याचे हक्क १७७७ असतात. ते बिघडले तरी सत्र सुरू होत नाही.

काही लोक घाईने सगळ्याच फायलींना ७७७ देऊन टाकतात. तसं कधी करू नये. ते गावातल्या सगळ्या घरांची दारं उघडी टाकल्यासारखं आहे. पूर्ण संगणकावर तसं केलं तर सुडोसुद्धा बंद पडतं.

आता गुरुजींनी संगणकावर दोन खाती केली आहेत. एक शिक्षकांचं, त्याला सुडो चालतं. दुसरं आम्हा मुलांचं, त्याला चालत नाही. ओव्यांच्या दोन प्रती पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत.

तर मित्रांनो, संगणक दारातून परत पाठवू लागला तर लगेच पुसू नका. आधी जागा बघा, मग मालक बघा, मग हक्क बघा. आणि आपल्या हातून काही झालं असेल तर त्याच दिवशी सांगा.

त्या आजींच्या ओव्या बाईंनी छापून या लेखाशेजारीच लावल्या आहेत. सर्वांनी जरूर वाचाव्यात.

— इयत्ता ४ थी