काचपेटीतला डॅमसेल मासा



मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. काचेमागचे रंगीत मासे पाहून ‘असा एखादा आपल्या घरी, आपल्या शाळेत असता तर!’ असे तिथे कितीजणांच्या मनात आले असेल. माझ्याही आले. म्हणून मी खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली. तिसऱ्या दिवशी चार डॅमसेल मासे आणून सोडले. पाणी कसे आरशासारखे नितळ होते. तरी आठवड्यात दोन मासे धापा टाकत वर आले नि मेले. उरलेल्या दोघांत एकाने दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडून मारले. चारांचा एक राहिला. ही चूक माशांची नव्हती, माझी होती. ती तुम्ही करू नये, म्हणून आजचे हे बोलणे.

डॅमसेल म्हणजे प्रवाळखडकांत राहणारा बोटाएवढा मासा. निळा, पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा. प्रसिद्ध क्लाउन मासा त्याच्याच कुळातला. आपल्या मालवणच्या खडकांतही या कुळातले पट्टेरी मासे दिसतात. हा मासा काटक आहे. म्हणूनच लोक फसतात. काटक म्हणजे अमर नव्हे!

आता मासे का मेले ते पाहा. गोठ्यात शिरताच नाकाला झोंबणारा वास येतो ना, तो अमोनिया. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि कुजलेल्या खाद्यातून तोच पाण्यात उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला जाळतो. काही सूक्ष्म जंतू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य असते. हे जंतू वाळूवर, दगडांवर नि गाळणीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. कच्चे शेणखत पिकाला घातले तर पीक जळते, ते आधी मुरावे लागते. काचपेटीचेही तसेच. मासा न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकून पेटी मुरू द्यावी. तपासणीच्या औषधाने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की मगच मासा आणावा. शिक्षकांनी रोजचे आकडे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावेत. विज्ञानाचा याहून चांगला धडा कोणता?

आता तुम्ही म्हणाल, मीठ घरातलेच चालेल की! नाही चालत. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे कितीतरी क्षार असतात. त्यासाठी मत्स्यपेटीचे मीठ वेगळे मिळते. लिटरला साधारण ३५ ग्रॅम धरावे. पेटी शंभर लिटरहून लहान नसावी. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी काढावे. एक गोष्ट मात्र विसरू नका. पाणी आटते तेव्हा मीठ आटत नाही. म्हणून आटलेली भर गोड्या पाण्यानेच करावी, खाऱ्याने नव्हे. दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलताना मात्र तितकेच खारे पाणी आधी कालवून ठेवावे.

उन्हाळा हा मोठा वैरी. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पेटी उन्हात ठेवू नये, पाण्यावरून पंख्याचा वारा सोडावा. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असावा.

राहिले भांडण. डॅमसेलच्या काही जाती खडकावर शेवाळाची वाडी राखतात, नको ते शेवाळ उपटून टाकतात, आणि कोणी जवळ आले की अंगावर धावतात. बांधावरून हमरीतुमरीवर येणारा शेतकरीच म्हणा ना! समुद्रात हरणाऱ्याला पळायला जागा असते, पेटीत नसते. म्हणून एकच डॅमसेल ठेवावा. पिवळ्या शेपटीचा निळा त्यातल्या त्यात शांत. पांढऱ्या ठिपक्यांचा काळा डोमिनो लहानपणी गोजिरा दिसतो, पण पुढे बराच वाढतो नि दांडगाई करतो. इतर गरीब मासे आधी सोडावेत, डॅमसेल शेवटी. लपायला दगडांच्या कपारी ठेवाव्यात. खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

आणि शेवटी एक विनंती. शोभेसाठी समुद्रातले प्रवाळ तोडून आणू नका. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, तो गुन्हा ठरतो. मासा घेतानाही पैदास केंद्रातला मिळतो का, हे आधी विचारा.

माझा तो उरलेला एक मासा पुढे बरीच वर्षे जगला. काचेपाशी बोट नेले की धावून यायचा. त्याच्याकडे पाहताना बाकीचे तीन आठवत. मंडळी, दीड महिना थांबलो असतो, तर निदान पहिले दोघे तरी वाचले असते. तुम्ही थांबा.