औषधाची पहिली पारख

नवे औषध माणसाच्या आधी प्राण्यांना का देतात, असे तुम्ही विचाराल. पेनिसिलिनचीच गोष्ट घ्या ना. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डला फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. तासाभराने चार उंदरांना पेनिसिलिन दिले. उरलेल्या चारांना मुद्दामच दिले नाही. कशासाठी? तर उंदीर वाचले ते औषधाने की आपसूक, हे कळायला हवे ना! पहाटेपर्यंत बिनऔषधाचे चारही मेले. औषध दिलेले चारही जिवंत होते.

पण उंदीर म्हणजे काही माणूस नव्हे. गिनीपिग नावाचा सशासारखा लहानसा प्राणी असतो. पेनिसिलिनने त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो बिचारा दगावतो. पहिली पारख त्याच्यावर झाली असती, तर हे औषध कदाचित टाकूनच दिले असते! म्हणून प्राण्यांवर गुण आला तरी पुढे थोड्या माणसांना, त्यांच्या संमतीने, जपून देऊन पाहावेच लागते.

आणि त्या मुक्या जिवांचे काय? शक्य तिथे प्राण्यांवाचून काम भागवावे, हेच आपल्या १९६० च्या प्राणिछळविरोधी कायद्याचेही सांगणे आहे. औषधाची बाटली हाती घेताना हे ऋण ध्यानात असू द्या.