कोणते फडके?

मराठी माणसाला आडनाव सांगितले की तो थांबत नाही. "कोणते? मूळचे कुठले?" हा त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला. जोशी-कुलकर्ण्यांचे यात फारसे बिघडत नाही. ते इतके आहेत, की विचारणाराच थकतो. पण मी पडलो फडके! "वासुदेव बळवंतांपैकी का हो?" असे म्हातारी मंडळी विचारतात. "ना. सी. फडके तुमचे कोण?" असे कादंबऱ्यांचे वाचक विचारीत. आणि सुधीर फडक्यांच्या गाण्याचे वेडे तर "बाबूजींच्या घरातले ना?" म्हणून माझ्याकडे अशा आशेने पाहतात, की 'नाही' म्हणताना अपराध्यासारखे वाटते.

शाळेत मात्र या आडनावाचा एकच उपयोग होता. गुरुजींनी फळा पुसायला फडके मागितले, की सारा वर्ग माझ्याकडे बोट दाखवी. चौथीत असताना एकदा हे असह्य झाले आणि मी ठोकून दिले, "वासुदेव बळवंत फडके माझे पणजोबा लागतात!" वर्ग एकदम गप्प झाला. दुर्दैवाने गुरुजींनीही ते ऐकले. म्हणाले, "वा! मग सतरा फेब्रुवारीला त्यांची पुण्यतिथी आहे. त्या दिवशी तूच बोल."

घरी येऊन मी रडत रडत वडिलांना सारे सांगितले. मार बसेल अशी खात्री होती. तो बसला नाही. वडील एवढेच म्हणाले, "नाते लागत नाही, हे सांगायला लाज कसली? त्यांच्याविषयी चार वाक्ये तुला सांगता येत नाहीत, ही लाज आहे." मग रोज रात्री जेवणे झाल्यावर ते मला समोर बसवून एकेक गोष्ट सांगू लागले.

वासुदेव बळवंत 1845 साली पनवेलजवळच्या शिरढोणला जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. नातू मात्र पुण्यात इंग्रजांच्या लष्करी हिशेबखात्यात कारकून. आई आजारी पडली, रजा वेळेवर मिळाली नाही, आणि घरी पोहोचेपर्यंत आई गेली होती. पुढे 1876-77 चा दुष्काळ आला. माणसे अन्नावाचून मरताना त्यांनी पाहिली. लहुजी वस्तादांच्या तालमीत तयार झालेल्या या कारकुनाने रामोशी, कोळी, धनगर अशी माणसे जमवली आणि 1879 च्या फेब्रुवारीत पहिला छापा घातला. त्याच जुलैत ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला, तेव्हा सार्वजनिक काका त्यांच्या बाजूने उभे राहिले. जन्मठेप होऊन ते एडनला गेले. तेथेही कोठडीचे दार बिजागरीतून उखडून हा माणूस निसटला! फार दूर जाता आले नाही. पुन्हा धरले गेल्यावर त्यांनी अन्न सोडले, आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे सदतीस.

पुण्यतिथीच्या दिवशी मी उभा राहिलो. पाय लटपटत होते. पहिले वाक्य बोललो ते असे : "वासुदेव बळवंत माझे पणजोबा नव्हेत. मी खोटे बोललो." वर्ग हसला. पण एडनच्या दारापर्यंत आलो, तेव्हा कोणी हसत नव्हते. फळ्याचे फडके त्यानंतरही माझ्याच नावाने मागितले जाई. मला मात्र त्याचे काही वाटेनासे झाले.

तेव्हापासून मला आडनावबंधू गोळा करण्याचा नादच लागला. सर्वांत जुने भेटले ते हरिपंत फडके, पेशवाईतले सेनापती. 1792 साली टिपूशी श्रीरंगपट्टणचा तह झाला, त्या मोहिमेत मराठ्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. सिद्धटेकच्या गणपतीला गेलात तर पुजारी त्यांची आख्यायिका सांगतील : सरदारकी गेली तेव्हा हरिपंतांनी देवाला एकवीस दिवस प्रदक्षिणा घातल्या आणि गेलेले पद परत मिळाले. 1794 मध्ये त्यांनी देह ठेवला तोही सिद्धटेकलाच.

गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. तो घडवणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके हे किती जणांना ठाऊक असते? मलाही कित्येक वर्षे नव्हते. वसईचा हा कलावंत माळव्यातल्या धारला जाऊन स्थायिक झाला. 1961 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत. पण तरुण पोरे त्यांच्या 'जादूगार' आणि 'दौलत'साठी जीव टाकीत. आमच्या आत्याच्या उशीखाली त्यांची कादंबरी सापडल्यावर घरात झालेला गहजब मला आठवतो. 'कलेसाठी कला' म्हणणारे फडके आणि 'जीवनासाठी कला' म्हणणारे खांडेकर यांच्या वादात एका पिढीने बाह्या सरसावल्या होत्या.

आणि बाबूजी! जन्मनाव रामचंद्र. माडगूळकरांच्या छप्पन्न गीतांना चाली लावून 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून ज्यांनी रामकथा घरोघर पोचवली, ते स्वतः 1954 साली दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते, हे ऐकून आजही लोक चकित होतात.

एक सेनापती, एक बंडखोर, एक शिल्पकार, एक कादंबरीकार, एक गायक. यांतल्या एकालाही आडनावाने काही दिले असेल असे मला वाटत नाही. दिले ते यांनीच आडनावाला. आणि त्याचा थोडा उजेड काहीही न करता माझ्यासारख्यावर पडतो!

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर नव्या कपड्यांतली तरुण पोरे लोटतात. गेल्या दिवाळीत नातू तेथूनच आला आणि म्हणाला, "आजोबा, मित्रांना सांगितलं, हा आमचाच रोड!"

मी हसलो नाही. त्याला समोर बसवले, फराळाचे ताट पुढे केले आणि म्हटले, "बरे. आता शिरढोणची गोष्ट ऐक."