न वितळता जुळणारे पोलाद

पुलगाव असो की हिंगणघाट, वेल्डिंगच्या दुकानासमोर कमानपाटा तुटलेली मालगाडी उभी असते. मालकाला घाई असते. आपल्याच घरातला एखादा भाऊ किंवा मुलगा पाटा जोडून देतो. आठवडाभरात गाडी परत येते. जोड शाबूत असतो, पण पाटा जोडाला लागूनच तुटलेला असतो! मग ग्राहक कारागिराला बोल लावतो. बहुतेक वेळा दोष त्याच्या हाताचा नसतो, हे आम्हाला आधी सांगायचे आहे.

पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळते. वेल्डिंगची ठिणगी त्याहून कितीतरी तापते. पाट्याचे पोलाद मजबूत, कार्बन जास्त असलेले. जोडाशेजारची पट्टी झपाट्याने थंड होते आणि काचेसारखी ठिसूळ बनते. रॉड दमट असेल तर ओलाव्यातला हायड्रोजन धातूत शिरतो आणि काही तासांनी, कधी दिवसांनी, तडा जातो.

मग वितळवलेच नाही तर? १९९१ साली इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी हेच केले. गरगर फिरणारी खुंटी दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबून पुढे सरकवायची. घर्षणाने धातू मऊ होतो आणि कणकेचे दोन गोळे एकत्र मळावेत तसा एकजीव होतो. ठिणगी नाही, रॉड नाही. याला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात. ॲल्युमिनियमसाठी हे तंत्र रेल्वेचे डबे आणि रॉकेटच्या टाक्यांपर्यंत पोहोचले.

पोलाद मात्र सहज वळत नाही. ते मऊ व्हायला हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून खुंटी टंगस्टन-रेनियमची किंवा हिऱ्याखालोखाल कठीण अशा बोरॉन नायट्राइडची करावी लागते. ती महाग असते आणि झिजतेही. जपानच्या ओसाका विद्यापीठातील संशोधकांनी तापमान सुमारे ७२० अंशांच्या खाली ठेवून जास्त कार्बनचे पोलादही ठिसूळ न होऊ देता जोडून दाखवले. तरी हे यंत्र अवजड आहे आणि पत्रे घट्ट जखडावे लागतात. गल्लीतल्या दुकानात ते उद्या येणार नाही.

पण भूगावच्या पोलाद कारखान्यामुळे आपल्या जिल्ह्याला पोलाद परके नाही. आयटीआयला जाणाऱ्या मुलाने नुसता हात बसवू नये, धातूचा स्वभावही शिकावा. उद्याची रोजी त्याच इल्मात आहे.

आणि आजचे काय? वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७ मध्ये ठरवले. म्हणून दुकानात हवा खेळती ठेवा, काच आणि मास्क सोडू नका. मजबूत पोलाद जोडताना कमी हायड्रोजनचा रॉड भट्टीत सुकवून घ्या. काम आधी तापवा आणि नंतर कोरड्या राखेत सावकाश निवू द्या. कमानपाटा मात्र जोडू नका, नवाच टाकायला सांगा. दोन पैसे कमी मिळतील, पण भर रस्त्यात कुणाचा जीव धोक्यात येणार नाही.