तुमच्या गेमिंग पीसीतला डेनार्ड

‘मुलाच्या गेमिंग पीसीची रॅम १६ वरून ३२ जीबी करायची आहे. गेल्या वर्षी दुकानदाराने सांगितलेला भाव आणि आज सांगतोय तो भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॉम्प्युटरचे पार्ट स्वस्तच होत जातात असं आजवर ऐकत आलो. मग हे उलटं कसं झालं?’ सोलापूरच्या एका वाचकांनी हा प्रश्न पाठवला आहे. नवीन ग्राफिक्स कार्डासाठी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ही बदलावा लागेल का, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे.

दुकानदार लुबाडत नाहीये. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत. रॅममधल्या डीरॅम चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या एचबीएम मेमरीत याच डीरॅमचे थर एकावर एक रचलेले असतात, आणि तेवढ्याच जीबीसाठी तिला पीसीतल्या डीडीआर५ रॅमच्या साधारण तिप्पट सिलिकॉन लागतं. कारखाने तेवढेच आहेत आणि एचबीएममध्ये नफा जास्त आहे, तेव्हा घरगुती गिऱ्हाईक रांगेत मागे ढकललं गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या डीडीआर४ चं उत्पादन आवरतं घेतलं जात असल्याने तिचेही भाव वर गेले. भावाची गोष्ट एवढ्यावर संपते.

मला खरं तर सांगायचंय ते या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या माणसाबद्दल. पीसी बांधणाऱ्या कुठल्याही मुलाला ‘मूरचा नियम’ ठाऊक असतो. रॉबर्ट डेनार्ड हे नाव मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दिवसभर रॅम विकणाऱ्यानेही बहुधा ऐकलेलं नसतं. गेमिंग पीसी जुळवताना सतावणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे मेमरी आणि उष्णता, आणि दोन्हींचा मूळ हिशेब या एकाच माणसाने मांडला आहे.

डेनार्ड १९३२ साली टेक्सासमध्ये जन्मले, शेतावर वाढले आणि सुरुवातीचं शिक्षण एकाच खोलीच्या शाळेत झालं. १९५८ मध्ये ते आयबीएमच्या संशोधन विभागात रुजू झाले. तेव्हाच्या कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्या. ट्रान्झिस्टरची मेमरी करण्याचे प्रयत्न चालू होते, पण एक बिट साठवायला सहा ट्रान्झिस्टर खर्ची पडत. १९६६ मध्ये आयबीएममधल्याच दुसऱ्या गटाने पातळ चुंबकीय पापुद्र्यांवरच्या मेमरीचं सादरीकरण केलं. त्यांची रचना इतकी साधी होती की डेनार्ड अस्वस्थ झाले. चुंबकवाल्यांना हे इतकं सोपं जमतं, मग आपल्याला सहा-सहा ट्रान्झिस्टर का लागावेत? त्याच संध्याकाळी घरी बसल्या बसल्या त्यांना मार्ग दिसला आणि त्यांनी रात्रीच साहेबांना फोन लावला. कल्पना घासूनपुसून अखेर एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर आली. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. हीच डायनॅमिक रॅम, म्हणजे डीरॅम. जून १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं.

ही कल्पना धाडसी होती, कारण असा कपॅसिटर गळतो. प्रत्येक बिट म्हणजे एक गळका हंडा समजा. भरून ठेवला तरी थोड्या वेळात पाणी खाली जाणार. म्हणून कुणीतरी सतत फेरी मारायची: हंडा अर्ध्याहून अधिक भरलेला दिसला तर काठोकाठ भरायचा, अर्ध्याहून कमी असेल तर पुरता रिकामा करायचा. त्यातही पंचाईत अशी की हंड्यात किती पाणी आहे हे तो उपडा केल्याशिवाय कळत नाही. म्हणजे नुसतं वाचलं तरी साठवलेलं जातं आणि लगेच पुन्हा भरावं लागतं. व्यवहारी माणसाने ही योजना ऐकून हात जोडले असते. डेनार्ड यांनी हिशेब केला, की गळतीच्या वेगापेक्षा फेरीचा वेग कितीतरी पट जास्त ठेवता येतो, आणि तसं असेल तर हंडा गळका असला तरी काही बिघडत नाही. आज १६ जीबी रॅममध्ये असे सुमारे १३,७०० कोटी हंडे आहेत. एकेकात जेमतेम काही दहा हजार इलेक्ट्रॉन मावतात. डीडीआर५ मध्ये सगळ्यांवरून एक फेरी ३२ मिलिसेकंदांत पुरी होते, म्हणजे सेकंदाला तीसहून जास्त वेळा. हे मी किती वेळा वाचलं असेल, पण दर वेळी तितकंच नवल वाटतं.

रॅम बसवताना या नाजूकपणाची प्रचीती येते. नवीन डीडीआर५ रॅम घालून पहिल्यांदा बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन कधी कधी काही मिनिटं काळीच राहते. अनेकांना वाटतं, रॅम जळाली. घाईघाईत वीज बंद करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. वास्तविक तेव्हा मदरबोर्ड प्रत्येक वाहिनीवर सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, याची चाचपणी करत असतो. त्याला ती करू द्यावी. चार खाचांच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या. एका मोठ्या स्टिकपेक्षा दोन लहान बऱ्या, कारण दोन वाहिन्या एकाच वेळी चालतात. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नये. ६००० ची रॅम विकत घेऊन ती वर्षानुवर्षं ४८०० वर चालवणारी घरं कमी नाहीत.

आता उष्णतेकडे. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होतील असं भाकीत केलं आणि १९७५ मध्ये ते दोन वर्षांवर आणलं. पण घटक वाढले की चिप वितळणार कशी नाही? याचं उत्तर डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७४ च्या शोधनिबंधात आहे. ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी ०.७ पट करा आणि व्होल्टेजही तेवढंच कमी करा. क्षेत्रफळ निम्मं होतं. वेग १.४ पट वाढतो. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असल्याने तोही प्रत्येक ट्रान्झिस्टरमागे निम्मा होतो. म्हणजे तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर, तेही अधिक वेगवान, आणि चिप तापते मात्र पूर्वीइतकीच! मूर यांनी संख्या सांगितली. ती वाढल्यावर प्रत्येक पिढीत जवळजवळ फुकट वेग कसा मिळेल, हे डेनार्ड यांनी दाखवून दिलं. ‘दोन वर्षं थांब, तेवढ्याच पैशांत दुप्पट वेगाचा पीसी येईल’ हा नव्वदच्या दशकातला सल्ला ज्याच्या जोरावर दिला जाई, तो हा हिशेब. गौरवाची वाटणी मात्र भलतीच एकतर्फी झाली, आणि हे मला मनापासून खटकतं.

१९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालत असे. पुढे ३.३ आले आणि दहा-बारा वर्षांत आकडा सव्वा व्होल्टच्या आसपास पोचला. तिथेच गाडी अडली. आज वीस वर्षांनंतरही डेस्कटॉप प्रोसेसर व्होल्टभराच्याच आगेमागे घुटमळतोय. व्होल्टेज आणखी उतरवलं तर ‘बंद’ केलेला ट्रान्झिस्टर नीट बंद होत नाही, त्यातून करंट झिरपत राहतो. ही झिरप दहा पट कमी करायची तर नेहमीच्या ट्रान्झिस्टरला खोलीच्या तापमानाला किमान ६० मिलिव्होल्ट मोजावेच लागतात. ही मर्यादा इलेक्ट्रॉनच्या उष्ण हालचालीतून येते, कितीही पैसा ओतला तरी ती हलत नाही. थक्क व्हावं अशी गोष्ट म्हणजे १९७४ च्या त्याच निबंधात, ट्रान्झिस्टर लहान केला तरी ही झिरप त्या प्रमाणात सुधारत नाही आणि डायनॅमिक मेमरीला ते विशेष त्रासाचं ठरेल, असा इशाराही दिलेला आहे.

२००४ मध्ये पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झला पोचला. ४ गिगाहर्ट्झचं जाहीर केलेलं मॉडेल इंटेलने रद्द केलं आणि पुढच्या वर्षी एका चिपवर दोन कोअर आले. तेव्हापासून वेग रांगत वाढतोय. ग्राफिक्स कार्डं तगली कारण त्यांचं काम वाटून घेता येतं: फोरके पडद्यावर ८३ लाख ठिपके, आणि ते हजारो कोअरनी मिळून रंगवायचे.

पण तिथेही फुकटचा जमाना सरलाय. आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि ४५० वॉट, तर ५०९० मध्ये २१,७६० कोअर आणि ५७५ वॉट. दोन्ही चिप जवळपास एकाच जातीच्या तंत्राने बनलेल्या, त्यामुळे कोअर वाढले तशी वीजही वाढली. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी, ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० ची कामगिरी देईल असं व्यासपीठावरून सांगितलं. ती तुलना एआयने मधल्यामध्ये रचलेल्या फ्रेम धरून होती. अशा फ्रेममुळे हालचाल सफाईदार दिसते, हे खरंच. मात्र चारपैकी तीन फ्रेम रचलेल्या असतील तर तुम्ही माऊस हलवल्यावर गेमने दिलेला प्रतिसाद त्यांत नसतो, आणि नेमबाजीच्या गेममध्ये ही उणीव लगेच जाणवते. खोक्यावरच्या ‘५ नॅनोमीटर’लाही भुलू नये. त्या तंत्रात शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरच्या गेटमधलं अंतर पन्नास नॅनोमीटरच्या घरात आहे, ५ हे फक्त पिढीचं नाव आहे.

तेव्हा मुलाने कुठलं कार्ड मागितलं याच्या आधी पीसीत अडतंय कुठे ते पाहा. गेममध्ये रिझोल्यूशन एक पायरी उतरवा. फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण कार्डाची. जागच्या जागी राहिल्या तर बहुधा प्रोसेसरची, आणि मग महागडं कार्ड घालून फारसं काही हाती लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये गेम चालू असताना १६ जीबी भरत नसेल, तर भाव उतरेपर्यंत रॅम तशीच राहू द्या.

एसएमपीएसचं उत्तर वॉटमध्ये आहे. कार्ड आणि प्रोसेसर यांच्या वॉटची बेरीज करून वर भरपूर सवड ठेवावी, कारण कार्ड क्षणभर ठरल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं. १२ व्होल्टवर ५७५ वॉट म्हणजे जवळपास ४८ अँपिअर, आणि ते नव्या कनेक्टरच्या सहा बारीक पिनांतून जातात. तो पुरता आत बसलेला नसेल तर पिना तापून प्लास्टिक वितळतं. २०२२ पासून अशा तक्रारी जगभरातून आल्या आहेत. टॉर्च मारून पाहावं, फट दिसता कामा नये. कूलरबद्दल एवढं लक्षात ठेवावं, की तो चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर काही अंशांवर तो तिला रोखतो. महाबळेश्वरच्या २५ अंशांत जी चिप ७० वर राहते, ती सोलापूरच्या मे महिन्यात, ४२ अंशांत, ८७ च्या आसपास जाते आणि मग पुढे स्वतःच वेग कमी करू लागते. म्हणून दिव्यांच्या पंख्यांपेक्षा पुढून जाळी असलेलं, हवा खेळती ठेवणारं कॅबिनेट घ्यावं.

आणि एक उपाय तर बिनपैशाचा आहे. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर लिमिट’ ८० टक्क्यांवर आणा, किंवा थोडी चिकाटी असेल तर व्होल्टेज पायरीपायरीने उतरवा. दर पायरीला तासभर गेम खेळून पाहा आणि मशीन अडखळलं की एक पायरी मागे या. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर त्याच वेगाला चिपचा मुख्य वीजखर्च जवळपास १९ टक्के घटतो. वर्गाचं गणित आहे, १९७४ मध्ये मांडलेलं तेच. फ्रेम सहसा फार थोड्या कमी होतात, पण कार्ड थंड राहतं आणि पंख्याची घरघर कमी होते. शिवाय जुन्या एसएमपीएसवर भागण्याची शक्यताही बरीच वाढते.