भिंत हवा खाते!

भिंतीला भूक लागते का रे? हसू नका. मीरा-भाईंदरमधल्या एका भिंतीने शेकडो वर्षं हवा खाल्ली आहे आणि म्हणूनच ती अजून उभी आहे. चला, बाटलीत पाणी भरा, टोपी घाला. आज पायी फिरायचं आणि भरपूर गप्पा मारायच्या.

पहिला थांबा घोडबंदरचा किल्ला. वसईच्या खाडीकाठचा हा किल्ला पोर्तुगिजांनी बांधला आणि १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला. इथे घोड्यांचा व्यापार चालायचा, असं जुनी माणसं सांगतात. आता दोन दगडांच्या मधे नीट बघा. तिथे सिमेंट सापडणार नाही, कारण आपलं आजचं सिमेंट तेव्हा नव्हतंच. मग दगड धरून ठेवले कशाने? चुन्याने!

आपल्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्या भट्टीत भाजून चुना करायचे. शिंपली कॅल्शियम कार्बोनेटची असते. जवळपास ९०० अंश सेल्सिअसला तापली, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो. उरलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं, की तो फसफसून उकळायला लागतो. (हे घरी अजिबात करायचं नाही, हात-डोळे भाजतात!) थंड झालेल्या चुन्यात वाळू कालवून गवंडी दगड सांधतात. आणि मग खरी गंमत सुरू होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो. आधी वरचा थर कडक होतो, मग आतला. जाड भिंतीत हे काम वर्षानुवर्षं चालतं. शेवटी काय तयार होतं, ओळखा पाहू? पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट! म्हणजे शिंपलीचा चुना झाला आणि चुन्याचा पुन्हा दगड झाला.

पुढचा थांबा भाईंदरची मिठागरं. इथे पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र दोघे मिळून समुद्राला ओढतात, म्हणून उधाणाची भरती येते. ते पाणी आगरात घ्यायचं आणि बांध घालून अडवायचं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ऊन-वाऱ्याने पाणी आटत जातं आणि मिठाचे खडे धरतात. तळाशी उरलेलं पाणी मात्र कडू लागतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते मिठागरातले कामगार वेळीच काढून टाकतात. पाणी नेमकं कधी काढायचं, हे त्यांना अनुभवाने कळतं. हेही विज्ञानच, नाही का?

आता उत्तनच्या बाजूला, चौक गावात जाऊ. इथे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. (मुंबईतली धारावी वेगळी बरं!) समोर खाडी, पलीकडे वसईचा किल्ला. इथे तोफा असल्या, तर वसईला येणाऱ्या गलबतांची वाट अडवता येणारच ना? १७३९ मध्ये मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांच्या सैन्याने आधी ही जागा घेतली आणि मे महिन्यात वसईही सर केली. नकाशा उघडा, म्हणजे त्यांनी हाच क्रम का निवडला ते लगेच समजेल.

आपण पाहिलेल्या तिन्ही जागा घडवल्या त्या समुद्राने. त्याने चुन्याला शिंपल्या दिल्या, मिठाला पाणी दिलं आणि गलबतांना वाट दिली. २००२ मध्ये मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली, उंच इमारती वाढल्या, पण हा समुद्र अजून शेजारीच आहे.

आता तुमची पाळी! किनाऱ्यावर पडलेली एक रिकामी शिंपली घरी आणा आणि मोठ्यांसमोर तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे दिसले, की समजा भट्टीत उडून जायचा तोच वायू बाहेर पडतोय. हा प्रयोग किल्ल्याच्या भिंतीवर मात्र कधीच करायचा नाही, आम्लाने चुना झिजतो. आणि भिंतीवर नावंही कोरायची नाहीत! मग एक वही घ्या आणि गल्लीतल्या सर्वांत वयस्कर आजी-आजोबांना विचारा, "तुमच्या लहानपणी इथे काय होतं?" मिळालेलं उत्तर तारीख घालून लिहून ठेवा. तुमच्या गावाच्या इतिहासाचं ते पान दुसरं कोणी लिहिणार नाही.